चालेल का

बादरी तिब्लिसीहून पहाटेच्या गाडीने आला,
पाठीवर सॅक, खिशात पेनड्राइव्ह,
आणि बूट काढायच्या आधीच म्हणाला,
जुनी सिस्टिम आता मेली समजा.
नुगझारमामांनी छिन्नी खाली ठेवली.
आमच्या कारखान्यात हा शब्द जपून वापरतात.

कुतायसीच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर
आम्ही थडग्यांचे दगड करतो.
काळा बसाल्ट येतो, मी पाणी सोडून सोडून
त्याचा आरसा होईपर्यंत घासते,
मग पडद्यावर नाव मांडते, साल मांडते,
आणि यंत्राची सुई टकटकत उतरवते
आमची तेहेतीस अक्षरं, सगळी गोलसर,
दगडाला मुळीच न मानवणारी.

प्रोग्राम पंधरा वर्षांचा.
त्याची किल्ली म्हणजे एक निळा खडा, मागे खोचलेला,
पडू नये म्हणून चिकटपट्टी लावलेला.
एतेरीमामींनी घेतला होता तो, दोन गाई विकून.
फॉन्टही त्यांचाच, हिवाळाभर बसून काढलेला.
नंतर त्या बारीला गेल्या,
इटलीतल्या एका म्हातारीला भरवायला, न्हाऊ घालायला.
सात वर्षं झाली.
फॉन्ट इथेच राहिला.

चालेल का? मामांनी विचारलं.
चालवू, बादरी म्हणाला.
मी चालवशील का नाही विचारलं. चालेल का?

दुपारपर्यंत निळी पट्टी भरत राहिली.
गिऱ्हाईक बाकावर बसून होतं:
क्लिमेन्टी, वय चौऱ्याऐंशी, रेल्वेच्या पुलांवर रंगारी,
त्यांचा मुलगा, टोपी गुडघ्यावर.
मग फाइल उघडली, आणि नावाच्या जागी
सहा रिकामे चौकोन,
सहा खिडक्या, आत कोणी नाही.

बादरीने दुसरा फॉन्ट लावला. नवा, तुकतुकीत.
नाव आलं. सालं आली.
मामांनी खिशातली पट्टी काढून पडद्याला लावली.
दोन सालांमधली रेघ
तीन मिलिमीटरने आखूड.
कुणाच्या लक्षात येतंय, बादरी म्हणाला.
मामा म्हणाले, थडगं वाचणाऱ्याला घाई नसते.
आणि चौऱ्याऐंशी वर्षं, तीही पुलावर लोंबकळून,
एवढ्याशात कशी बसवू मी?

शेवटी मीच बारीला फोन लावला.
पडद्यात मामी, खांद्यावर परक्या घरचा टॉवेल,
मागून म्हातारीचा चमचा वाजत होता ताटलीवर.
मी चौकोन दाखवले.
त्या हसल्या, त्यांच्या दाढेची जागा रिकामी दिसली.
अगं, मी अक्षरं इंग्रजी घरांत बसवली होती,
तेव्हा आपल्याला स्वतःची घरं कुठे होती?
आता ती नव्या घरांत हलवावी लागतील, एकेक करून.
बादरीने वही काढली.
त्या सांगत गेल्या, न अडखळता, तेहेतीसच्या तेहेतीस,
कुठलं कुठे ठेवलं होतं,
स्वयंपाकघरातले डबे सांगावेत तसे.

आणि रेघ? मामांनी मागून विचारलं.
दारातूनच. पडद्यात येत नव्हते ते.
मामी थोडा वेळ गप्प.
ती सेमीकोलनखाली आहे, म्हणाल्या.
लांब ठेवलीय. मुद्दाम.

संध्याकाळी सातला यंत्र सुरू झालं.
मध्ये एकदा अडकलं, निळा खडा काढून पुसून परत खोचला,
मग चाललं, जरा खुरडत.
क्लिमेन्टींचा मुलगा उठून जवळ आला,
ओल्या दगडावर बोट फिरवलं, सालावरून सालाकडे,
आणि मधे बराच वेळ लागला त्याला.

फोन चालूच राहिला होता, भुकटीत, खिडकीवर.
चालतंय का रे? पलीकडून आवाज आला.
बादरी उत्तर द्यायला वळला,
पण मामांनी हात पुसून फोन उचलला होता,
आणि स्पीकर बंद करत म्हणाले,
चालतंय. तुझं?